सांगलीहून साताऱ्याकडे कुत्र्यांना घेऊन जाताना वाटेतील विषारी आमिषांपासून त्यांना कसे जपावे?

कृष्णाकाठ, सांगली

सर्वांना नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे चौघे, आमची कारवानी जातीची कुत्री वीरा आणि दोन वर्षांपूर्वी हरिपूरच्या घाटावरून उचलून आणलेला गावठी खंड्या, असे मिळून मोटारीने पाच दिवसांच्या प्रवासाला निघणार आहोत. आष्टामार्गे पेठ नाका, तेथून महामार्गाने कराड आणि सातारा, मग दोन दिवस ठोसेघर-चाळकेवाडीच्या पठारावर आणि शेवटी वाई-पाचगणी असा बेत आहे.

हा प्रश्न विचारण्यामागे एक जुनी जखम आहे. तीन वर्षांपूर्वी याच महामार्गावर चहासाठी थांबलो असताना आमचा मोती एका खाणावळीच्या मागच्या बाजूला गेला, तेथे त्याने काहीतरी गिळले आणि मी हाक मारताच शेपूट हलवत परत आला. मी ते पाहिले होते, परंतु भाकरीचा तुकडा असेल असे समजून सोडून दिले. पाऊण तासाने गाडीतच त्याच्या तोंडाला फेस आला, उलट्या सुरू झाल्या आणि पाय लटपटू लागले. पशुवैद्यांकडे पोहोचल्यावर त्यांनी काय खाल्ले, केव्हा खाल्ले आणि किती खाल्ले, असे तीन प्रश्न विचारले. त्यांपैकी एकाचेही नीट उत्तर मला देता आले नाही. त्या रात्री मोती गेला आणि तो नेमका कोणत्या विषाने गेला हे आम्हाला आजतागायत कळलेले नाही.

या वेळी कुत्र्यांना घरी ठेवून जाण्याचा पर्यायही विचारात घेतला, परंतु खंड्या आमच्याशिवाय अन्नाला तोंड लावत नाही. म्हणून जाणकारांना विनंती आहे की, अशी आमिषे साधारणपणे कोठे असतात, कुत्र्याने काही खाल्ल्याचा संशय आला तर पहिल्या अर्ध्या तासात काय करावे आणि काय टाळावे, हे कृपया सविस्तर सांगावे.

निवृत्त पशुवैद्य, कराड

आपल्या मोतीबद्दल वाचून वाईट वाटले. नोकरीच्या काळात अशा अनेक रात्री मी पाहिल्या आहेत आणि बहुतेक वेळा कुत्रे वाचणे किंवा न वाचणे हे औषधापेक्षा माहितीवर आणि वेळेवर ठरले आहे. म्हणून त्या तीन प्रश्नांची उत्तरे प्रवासात आपल्यापाशी तयार कशी राहतील, याचा विचार आधी करा.

आपल्या भागात प्रामुख्याने चार प्रकारची विषे आढळतात. पहिले झिंक फॉस्फाइड, म्हणजे काळसर-राखाडी पूड, जी धान्याच्या भरड्यात तेल लावून मिसळतात. पोटातील आम्लाशी संयोग होताच तिच्यापासून फॉस्फिन हा विषारी वायू तयार होतो. बहुधा पाव तासापासून चार तासांपर्यंत लक्षणे सुरू होतात, मात्र काही वेळा त्याहून उशीरही लागतो. उलटीला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो. येथे एक गोष्ट मी विशेष आग्रहाने सांगतो, कारण ती मोटारीने जाणाऱ्यांच्या स्वतःच्या जिवाशी निगडित आहे. असे कुत्रे बंद गाडीत ओकले तर तो वायू माणसांच्याही श्वासात जातो. वातानुकूलन चालू ठेवून तसेच पुढे जाऊ नका. गाडी थांबवा, सर्व काचा खाली करा, मुलांना आणि वृद्धांना बाहेर काढा, वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे राहून उलटी हातमोजे घालून बाहेर काढा आणि मगच उघड्या काचांनी पुढे निघा. फॉस्फाइडवर नेमका उतारा नाही, त्यामुळे दवाखान्यात लवकर पोहोचणे हेच महत्त्वाचे.

दुसरा प्रकार कीटकनाशकांचा. ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटातील ही द्रव्ये मटणाच्या तुकड्यात किंवा पिठाच्या गोळ्यात घालून मुद्दाम टाकली जातात. लाळ गळणे, डोळ्यांतून पाणी, वारंवार लघवी, जुलाब, बारीक झालेल्या बाहुल्या आणि अंगातील कंप ही त्यांची खूण होय. आपण वर्णन केलेली लक्षणे याही गटाशी जुळतात, परंतु नमुन्याशिवाय मी काहीही ठामपणे म्हणणार नाही. या विषांवर ॲट्रोपिनचे इंजेक्शन उपयोगी पडते आणि ते वेळेत मिळाले तर मरणाच्या दारातून परतलेली कुत्री मी पाहिली आहेत.

तिसरा प्रकार ब्रोमॅडिओलोनसारख्या, रक्त गोठू न देणाऱ्या उंदीरनाशकांचा. निळ्या, हिरव्या किंवा लाल रंगाच्या मेणासारख्या वड्या दुकानांत सहज मिळतात. हे विष फसवे आहे, कारण कुत्रे दोन-तीन दिवस अगदी ठणठणीत दिसते आणि साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सुस्ती, पांढुरक्या हिरड्या, खोकला किंवा नाकातून रक्त असे प्रकार सुरू होतात. म्हणजे प्रवासात खाल्लेले विष घरी परतल्यावर दिसते आणि तोवर आपण तो थांबा विसरूनही गेलेलो असतो. संशय आल्याबरोबर सांगितले तर यावर व्हिटॅमिन के-1 हा खात्रीचा उतारा आहे, मात्र तो अनेकदा तीन-चार आठवडे द्यावा लागतो. चौथा प्रकार गोगलगाईंसाठी वापरल्या जाणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांचा. त्यांत कोंड्यासारखा खाद्यपदार्थ असल्याने कुत्र्यांना त्या आवडतात आणि खाल्ल्यावर तासाभरात अंग तापून झटके येऊ लागतात.

संशय येताच घड्याळ पाहा आणि वेळ लिहून ठेवा. उरलेले आमिष, वेष्टन किंवा उलटीचा अंश प्लास्टिकची पिशवी हातावर उलटी चढवून उचला, गाठ मारा, दुसऱ्या पिशवीत घाला आणि डिकीत ठेवा. वेष्टनावरील बारीक अक्षरांचे छायाचित्र काढून वाटेतूनच पशुवैद्यांना पाठवा, म्हणजे आपण पोहोचेपर्यंत त्यांची तयारी झालेली असते.

मिरजकर

आमच्याकडे पूर्वीपासून कुत्र्याला विषबाधा झाली की कोमट दुधात तूप घालून पाजतात आणि मिठाचे पाणी देऊन उलटी करवतात. दवाखाना लांब असेल तर निदान एवढे तरी करावे, असे मला वाटते. माझ्या वडिलांनी असे करून एक कुत्रा वाचवलेला मी लहानपणी पाहिला आहे.

निवृत्त पशुवैद्य, कराड

मिरजकर, आपल्या वडिलांनी ते पोटतिडकीने केले असणार याबद्दल मला शंका नाही. तरीही हा उपाय आज कोणीही करू नये, असे मला स्पष्ट सांगावे लागेल. पिवळ्या फॉस्फरसची उंदीर मारण्याची पेस्ट स्निग्ध पदार्थात विरघळते, त्यामुळे दूध-तुपाने ती शरीरात अधिक वेगाने शोषली जाते. झिंक फॉस्फाइडच्या बाबतीत पोटात कोणतेही अन्न गेले की आम्ल वाढते आणि वायूही वाढतो. मिठाच्या पाण्याने रक्तातील सोडियम इतके वाढू शकते की कुत्रे मूळ विषाऐवजी मिठानेच दगावते. शुद्ध हरपत चाललेल्या किंवा झटके येत असलेल्या कुत्र्याच्या तोंडात पाणीसुद्धा ओतू नका, कारण ते फुप्फुसात जाते. उलटी करवायची की नाही आणि करवायची तर कशाने, हे फोनवर पशुवैद्यांना विचारूनच ठरवावे. सक्रिय कोळसा, म्हणजे ॲक्टिव्हेटेड चारकोल, औषधाच्या दुकानातून आधीच घेऊन ठेवला तर चांगले. मात्र तोही कुत्रे शुद्धीत असताना आणि पशुवैद्यांनी सांगितल्यावरच द्यावा. झिंक फॉस्फाइडचा संशय असेल तर तो देऊ की नको, हे तर विशेष करून विचारा.

मिरजकर

समजले, डॉक्टरसाहेब. वरचा उपाय मी तसाच राहू देतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांना त्याखालचे आपले उत्तरही दिसेल.

उसाचा शेतकरी, वाळवा तालुका

मी शेतकरी आहे आणि घुशी-उंदरांसाठी स्वतः विष वापरतो, त्यामुळे ते कोठे असते याबद्दल थोडे सांगतो. उसात उंदीर किती नुकसान करतात हे शेती न करणाऱ्यांना कळणे कठीण आहे. बुडख्याजवळ कुरतडलेला ऊस वाऱ्याच्या एका झोताने आडवा होतो. आम्हाला सांगितलेली पद्धत अशी की, आधी दोन-तीन दिवस बिनविषारी भरडा बिळांपाशी ठेवून उंदरांना सवय लावावी, मग 96 भाग भरडा, 2 भाग तेल आणि 2 भाग झिंक फॉस्फाइड असे मिश्रण कागदाच्या पुडीत बांधून बिळात खोल सरकवावे आणि तोंड मातीने बुजवावे. मेलेले उंदीर गोळा करून पुरणे हाही त्याच कामाचा भाग आहे. ही पद्धत पाळली तर कुत्र्याला धोका फार कमी. प्रत्यक्षात मात्र घाईत पुड्या बांधावर उघड्या राहतात, पाटाच्या कडेला सांडतात, आणि मेलेले उंदीर तर कोणी शोधतही नाही. म्हणून ऊस, मका किंवा भुईमुगाच्या शेताशेजारी गाडी थांबवून कुत्र्यांना बांधावर सोडू नका. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड सुरू झाली की उघड्या पडलेल्या शेतातून उंदीर बाहेर पळतात, आणि आपली कारवानी शिकारीच्या जातीची असल्याने ती त्यांच्यामागे धावणारच.

फोरेट या कीटकनाशकावर, ज्याला शेतकरी आजही थिमेट म्हणतात, 2020 च्या अखेरीपासून बंदी आहे. तरीही कोणाच्या गोठ्याच्या माळ्यावर जुना डबा पडलेला असणे अशक्य नाही. कुत्रा पाळीव आहे की मोकाट, हे विष पाहत नाही, आणि ज्यांची कोंबडी किंवा शेळी मोकाट कुत्र्यांनी मारली ते रागाच्या भरात काय टाकतील याचा नेम नसतो. बिबट्याने मारलेल्या शेळीत विष भरण्याचे प्रकारही घडतात. रस्त्याकडेला कसलेही मढे दिसले तर तेथे अजिबात थांबू नका. डोंगराकडेच्या शिवारात रानडुकरांसाठी पिठाच्या किंवा चरबीच्या आवरणात स्फोटक भरून ठेवतात, त्याला आमच्याकडे गावठी बॉम्ब म्हणतात. तो चावताच फुटतो आणि कुत्र्याचा जबडाच राहत नाही. पठारावर मुक्काम करणार असाल तर हे ध्यानात ठेवा.

एक सूचना आणखी. गावात काय चालले आहे हे सकाळी दूध संकलन केंद्रावर उभ्या असलेल्या कोणालाही विचारा. कोणाच्या रानात औषध टाकले आहे आणि कोणाची कुत्री परवा मेली, हे तेथे सर्वांना ठाऊक असते.

पायवाट, सातारा

मी गेली आठ वर्षे माझ्या दोन कुत्र्यांसह या डोंगरांत फिरते. ताई असाल की दादा, हे आपल्या नावावरून कळले नाही, म्हणून नुसते आपण म्हणते. माझ्या मते या सर्व काळजीतील सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे जाळीची मुसकी. मळणीच्या वेळी बैलाने धान्य खाऊ नये म्हणून बांधतात तीच कल्पना आहे, आणि कुत्र्याला मुसकी घालणे क्रूर वाटते अशांनी एवढाच विचार करावा की ती घातलेल्या कुत्र्याला आपण जमिनीवर निर्धास्त चालू देऊ शकतो.

मात्र ती पिंजऱ्यासारखी, आत तोंड उघडून धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल एवढी ऐसपैस हवी. कापडी, तोंड आवळून धरणारी मुसकी चालत नाही, कारण कुत्र्याचे अंग मुख्यतः तोंडावाटेच थंड होते आणि दुपारच्या उन्हात ती जीवघेणी ठरू शकते. कारवानीचे तोंड लांब आणि निमुळते असल्याने बाजारातील तयार माप बहुधा बसत नाही. मी नाकाच्या टोकापासून डोळ्यांच्या खालपर्यंतची लांबी आणि तोंडाचा घेर मोजून मुसकी मागवली आणि पट्टे चर्मकार काकांकडून बदलून घेतले. तरीही बारीक दाणे किंवा पातळ पेस्ट जाळीतून जिभेला लागू शकते, म्हणून पुढच्या टोकाला आतून बारीक तारेच्या जाळीचा तुकडा शिवला आणि बाजू हवेसाठी मोकळ्या ठेवल्या.

आज आणून उद्या घातली तर कुत्रा दिवसभर पंजाने ओरबाडत बसेल. पहिला आठवडा मुसकीच्या तळाशी दही किंवा उकडलेल्या अंड्याचा तुकडा लावून नुसते तोंड घालू द्यावे, पट्टा बांधू नये. पुढे मिनिट, दोन मिनिटे, पाच मिनिटे असे वाढवत न्यावे. आपल्याकडे तीन आठवडे असतील तर पुरेसे आहेत. त्याच काळात ‘सोड’ हा शब्द पक्का करावा. मुठीत भाकरीचा तुकडा धरावा, कुत्र्याने नाक मागे घेतले की दुसऱ्या हातातून त्याहून चांगला खाऊ द्यावा, आणि मग हाच सराव अंगणात जमिनीवर ठेवलेल्या तुकड्यावर करावा. खंड्या रस्त्यावर वाढलेला आहे, मिळेल ते लगेच गिळण्याची सवय त्याच्या जगण्याचाच भाग होती, त्यामुळे त्याला वेळ लागेल. त्याच्यावर रागावू नका. रागावलेल्या माणसापासून कुत्रा तोंडातील वस्तू घाईने गिळून टाकतो.

थांबण्यासाठी खाणावळीची मागची बाजू कधीही निवडू नका. तेथेच खरकटे टाकतात, तेथेच उंदीर येतात आणि तेथेच औषधही ठेवतात. पुढच्या बाजूची मोकळी, स्वच्छ फरशी पाहावी, हातातील दोर चार-पाच फुटांपेक्षा लांब ठेवू नये, आणि एकाने चहा आणावा तर दुसऱ्याने केवळ कुत्र्याच्या तोंडाकडे पाहावे, फोनकडे नव्हे. मुक्कामाच्या खोलीत कुत्र्यांना सोडण्यापूर्वी पलंग आणि कपाटांखाली विजेरीने पाहावे. मला दोनदा मेणाच्या वड्या सापडल्या आहेत, आणि दोन्ही वेळा घरमालकांना त्या कोणी ठेवल्या हे आठवतही नव्हते.

मूळची तासगावची, सध्या ऑस्ट्रेलियात

येथे कोल्हे आणि रानकुत्री यांच्यासाठी 1080 नावाचे विष, म्हणजे सोडियम फ्लुओरोॲसिटेट, मांसाच्या तुकड्यांत घालून अधिकृतपणे टाकले जाते. कुत्र्यांना ते अत्यंत अल्प प्रमाणातही मारक आहे, त्यावर खात्रीचा उतारा नाही, आणि विषाने मेलेल्या प्राण्याचे मांस खाऊनही कुत्री दगावतात. परंतु जेथे ते टाकतात तेथे इशाऱ्याच्या पाट्या लावणे बंधनकारक असते, आणि येथील प्रवासी त्या भागात कुत्र्यांना मुसकी घालूनच गाडीबाहेर काढतात. आपल्याकडे पाटी नसते, म्हणून दूध केंद्रावर विचारण्याची वरील सूचना मला फार मोलाची वाटली. माहेरच्या ओढीने एक जोड देते, की प्रवासाच्या खाऊत तासगावचा बेदाणा असेल तर तो मुलांच्या हातून कुत्र्यांपर्यंत जाऊ देऊ नका. द्राक्षे आणि बेदाणे यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि हे आपल्या द्राक्षपट्ट्यातच फारसे कोणाला ठाऊक नाही.

कृष्णाकाठ, सांगली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पायवाट ताई, मी दादा आहे. मुसकीची मापे आजच घेतली. वीराने ती निमूट पाहिली, खंड्याने टेपच पळवली. रात्री-अपरात्री वाटेत गरज पडली तर कोणाला फोन करावा, आणि मुद्दाम विष टाकणाऱ्याविरुद्ध तक्रार करता येते का, हेही कोणी सांगितल्यास बरे होईल.

निवृत्त पशुवैद्य, कराड

निघण्यापूर्वी एका कागदावर सांगली, कराड आणि सातारा येथील प्रत्येकी दोन खाजगी पशुवैद्यांचे क्रमांक लिहा आणि रात्री फोन घेता का, हे त्यांना आधीच विचारून ठेवा. 1962 हा पशुवैद्यकीय सेवेचा निःशुल्क क्रमांक जवळ असू द्या, परंतु तो मुख्यतः शेतकऱ्यांच्या जनावरांसाठी आहे हे लक्षात घ्या. सातारा ओलांडून पुढे असाल तर महामार्गालगतच शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. फोन केल्यावर ॲट्रोपिन आणि व्हिटॅमिन के-1 उपलब्ध आहे का, हे आधी विचारा, नाहीतर अमूल्य वीस मिनिटे चुकीच्या दारात जातात.

तक्रार अवश्य करता येते. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा आहे, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 नुसार प्राण्याला मारणे किंवा विष घालणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. मात्र कुत्रे दगावलेच तर दुःखाच्या भरात लगेच पुरू नका. शवविच्छेदन आणि व्हिसेराची तपासणी झाल्याशिवाय तक्रार पुढे सरकत नाही.

कृष्णाकाठ, सांगली

काल रात्री आम्ही सुखरूप परतलो, म्हणून येथे लिहीत आहे. चाळकेवाडीच्या अलीकडे एका मोरीजवळ थांबलो असता खंड्याने मुसकीसह नाक एका पिठाच्या गोळ्यात खुपसले. गोळ्यात काळसर पूड होती. ‘सोड’ म्हटल्यावर तो लगेच मागे आला असे मी म्हणू शकत नाही, तीनदा म्हणावे लागले, परंतु जाळीमुळे त्याच्या तोंडात काही गेले नाही. नाक व मुसकी बाटलीतील पाण्याने धुतली, छायाचित्र काढले आणि गोळा दुहेरी पिशवीत बांधला. जवळच्या वस्तीवर विचारले तेव्हा एका आजोबांनी तो कोणाच्या रानासाठी आणलेला असावा हे लगेच सांगितले, आणि त्या शेतकऱ्याने स्वतः येऊन परिसरातील आणखी चार गोळे शोधून ते खोल खड्ड्यात पुरले. त्यांना कुत्र्यांचे वैर नव्हते. गोळे बिळात सरकवण्याऐवजी गड्याने ते वरच ठेवले होते.

पाचगणीच्या खोलीत पलंगाखाली एक हिरवी वडी सापडली, कोपरा कुरतडलेली. तो उंदराने कुरतडला की वीराने, हे सांगता येईना, म्हणून डॉक्टरसाहेबांना फोन केला आणि त्यांच्या सांगण्यावरून आज, तिसऱ्या दिवशी, सांगलीत तिच्या रक्ताच्या गोठण्याची तपासणी करून घेतली. अहवाल ठीक आहे. तरीही आणखी तीन दिवस रोज सकाळ-संध्याकाळ दोघांच्या हिरड्या पाहणार आहे.